दोन इंची धाव, आठ इंची टायर

चाक किती रुंद घ्यायचं हे गाडीच्या मालकानं ठरवायचं, असं माझ्या दुकानात येणाऱ्या तरुण पोरांना वाटतं. बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात ते मालकाच्या हातात कधीच नव्हतं. आधी जमिनीनं ठरवलं, मग सडकेनं, आणि मधली बरीच वर्षं मोडीत निघालेल्या ट्रकांनी. मी भालकीला टायरचा धंदा करतो, पण घराणं सुताराचं. आज्जा चाकं घडवायचा, अप्पांनी टायरगाड्या उभ्या केल्या. हा इतिहास निम्मा तरी घरातच ऐकलेला.

आज्जाचं चाक बाभळीचं. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. चाकाची उंची साडेचार-पाच फूट आणि धावेची रुंदी जेमतेम दोन इंच. एवढ्या थोराड चाकाला एवढी अरुंद धाव का, याचं उत्तर मांजरेच्या काठी मृगात जाऊन उभं राहिलं की मिळतं. काळी माती भिजली की वरचा थर लोण्यासारखा होतो. रुंद चाक त्यावर बसतं, चिखल पुढं ढकलत नेतं आणि बैल गुडघ्यावर येतात. अरुंद धाव चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते. चाक उंच असल्यामुळं आस चिखलाला टेकत नाही, बांधही सहज ओलांडता येतो. बिदर शहराच्या बाजूला, जांभ्याच्या लाल पठारावर, हा प्रश्न फारसा नव्हता. तिथं चिखलापेक्षा दगडाचा त्रास जास्त.

दुसरी गोष्ट दोन चाकांमधल्या अंतराची. गाडीवाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल पडलेल्या असत की सगळ्यांच्या गाड्यांना तेच अंतर ठेवावं लागे. त्यात फरक पडला तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं वर, गाडी तिरकी. आज्जाकडं त्यासाठी खुणा केलेली काठी होती. गिऱ्हाईक कितीही मोठा जमीनदार असो, काठी बदलत नसे.

धाव चढवणं हे बघण्यासारखं काम. लोहार पट्टी वळवून कडं करायचा, पण ते चाकाच्या घेरापेक्षा दीड-दोन बोटं कमीच ठेवायचा. कडं जमिनीवर आडवं ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. लोखंड लाल झालं की फुगतं. मग तिघा-चौघांनी सांडशीनं उचलून ते चाकावर बसवायचं, वरून घणाचे घाव आणि लगेच पाणी. वाफेत काही दिसत नसे, पण आऱ्यांचे सांधे करकरत आवळले जाताना ऐकू येत. इथं अंदाज चुकला तर दोनपैकी एक नक्की: कडं सैल पडून वाटेत निघायचं, किंवा जास्त आवळून आरेच वाकायचे. मोजायला हातात फक्त सुतळी. उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव खुळखुळायची, म्हणून लोक चाकं ओढ्यात भिजत घालत. या सगळ्या कामाची मजुरी सुगीला ज्वारीत मिळे, बलुतं म्हणून.

अरुंद धावेचं हे गणित बिघडवलं सडकेनं. खडी आणि मुरूम दाबून केलेल्या रस्त्यावर टनभर माल घेतलेली गाडी चालली की अर्धा-अर्धा टन दोन इंचाच्या पट्टीवर येतो आणि खडीचा भुगा होतो. शेतात जो अरुंदपणा कामाचा, तोच रस्त्यावर करवत. इंग्रजी मुलखात १९२७ साली बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती बसली, आणि तिच्या शिफारशीवरून पेट्रोलच्या करातून रस्ते निधी उभा राहिला. म्हणजे रस्त्याचा पैसा मोटारीचा आणि रस्ता उकरणारी धाव बैलगाडीची. इंजिनिअर लोकांचा बैलगाडीवरचा राग समजण्यासारखा आहे, पण तो एकतर्फी होता. वेगात जाणारी मोटार खडीमधली बारीक माती शोषून उडवते. तिचं पाप धुळीत दिसेनासं होतं, गाडीचं मात्र चाकोरीत दिसत राहतं. आमच्याकडं निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ बस घेऊन मोटारसेवा सुरू केली. तेव्हापासून सडकेवर बैलगाडी ही वाटेतली अडचण ठरली.

हवेचा टायर १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलपनं केला. माणूस पेशानं जनावरांचा डॉक्टर, आणि टायर केला तो पोराच्या तीनचाकीसाठी. बैलापर्यंत यायला त्याला पुढं कित्येक दशकं लागली. बंगालमधल्या साहागंजचा डनलपचा कारखाना १९३६ चा. बैलगाडीसाठी वेगळे टायर निघाले त्यांचे आकार ६.००-१९, ७.००-१९ आणि ८.००-१९. पहिला आकडा रुंदीचे इंच, दुसरा रिमचा. ८.००-१९ अजूनही मिळतो.

अप्पांनी धंदा बदलला तो या टायरवर. पण चाक बदललं की नुसतं चाक बदलत नाही. पाच फुटांचं जाऊन तीन फुटांच्या आतलं आलं, माल ठेवायचा साटा खाली आला, तसा धुरीचा कोन बदलला. आस दोन बोटं पुढं-मागं झाली तरी गाडी मागं झुकून उलाळ व्हायची, नाहीतर बैलांच्या मानेवर सगळा भार. अप्पा रिकाम्या गाडीवर पोती रचून, जू हातानं उचलून बघायचे आणि मगच आस पक्की करायचे. रुंदीचा सल्ला ते गिऱ्हाइकाचं गाव विचारून देत. लाल जमिनीवर घरच्या कामाला सहा इंची भागे. हल्लीखेडच्या साखर कारखान्याला ऊस घालणारा आठ इंचीच मागायचा, कारण तिथं ओझ्याला सीमा नव्हती. एकाच बैलजोडीनं दुप्पट माल ओढायचा, हे टायरचं कौतुक. ते बैलाला विचारून केलेलं नाही. आणि काळ्या रानात पावसात हा रुंद टायर आज्जाच्या चाकाइतका कधीच चालला नाही. चिखल चिकटून टायर दुप्पट जाड होतो आणि फिरायचा थांबतो.

नवा टायर परवडत नसे ते जुन्या ट्रकची आस, जुनी रिम आणि घासलेला टायर घेऊन यायचे. त्यांच्या गाडीची रुंदी भंगारात त्या दिवशी काय होतं त्यावर ठरायची. रिकामी गाडीच इतकी जड की निम्मा जोर तिथंच जाई. शिवाय बेअरिंगवर फिरणारं चाक उतारावर थांबत नाही. पठारावरून खाली उतरताना ब्रेक नसलेली भरली गाडी बैलांना मागून रेटते. लाकडी गाडी कुरकुरत, अडत उतरायची. तिचा हा एक गुण कुणी हिशेबात धरला नाही.

१९७० च्या दशकात बेंगळुरूच्या आयआयएमचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा विषय हातात घेतला. देशात तेव्हा दीड कोटीच्या घरात गाड्या होत्या. जुवाखाली मानेला होणाऱ्या जखमांबद्दल त्यांनी जितक्या कळकळीनं लिहिलं तितकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. मॅनेजमेंटच्या माणसाला जू दिसलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

शर्यतीच्या छकड्याचं शास्त्र वेगळं. त्याला ओझं नाही, म्हणून रुंदीही नको; चाक हलकं हवं, एवढंच. सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ ला कर्नाटक आणि महाराष्ट्राचे शर्यतींचे कायदे ग्राह्य धरले, तशी अशा हलक्या चाकांची चौकशी पुन्हा सुरू झाली आहे.

बैलगाड्या आता येळवशीच्या सणाला शेतात माणसं न्यायला निघतात, त्याही थोड्याच. दुकानावर येतो तो ट्रॅक्टर. "काका, १४.९ काढा, १६.९ टाका, रुबाब दिसला पाहिजे." मी विचारतो, रान कुठलं आणि तुरीच्या दोन ओळींत अंतर किती? रुंद टायर ओलीत कमी रुतेल हे खरं, पण तुरीत घातला तर कडेची रोपं चिरडेल. रिम तीच २८ इंची असली तरी १६.९ ला ती जास्त रुंद लागते, म्हणजे रिमही नवी. रिमचा भाव सांगितला की निम्मे जण १४.९ वरच थांबतात. उरलेल्यांना मी देतो, धंदा आहे.