दुखतो खांदा, धोका किडनीला

जिममध्ये पहिलाच आठवडा, सोबत मित्रांची पैज, आणि एका दमात शेकडो जोर. दुसऱ्या दिवशी खांदे सुजतात, हात वर जात नाही. ‘अंग आंबलंय, होईल बरं’ म्हणून आपण सोडून देतो. पण लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर प्रश्न खांद्यापुरता राहत नाही. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटणे.

स्नायू आणि किडनीचा हा संबंध कळायला बराच काळ गेला. १९११ मध्ये मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरांनी स्नायूदुखी, अशक्तपणा आणि तपकिरी लघवी यांचे एकत्र वर्णन केले. पुढचा उलगडा दुसऱ्या महायुद्धात झाला. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेले काही जखमी सुरुवातीला सावरल्यासारखे दिसत, मग किडनी बंद पडून दगावत. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अशा जखमींच्या लघवीत मायोग्लोबिन सापडले. स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे हे लाल प्रथिन पेशी फुटल्यावर रक्तात उतरते आणि किडनीच्या बारीक नळ्यांना इजा करते. पेशी भिंतीखाली चिरडून फुटल्या काय किंवा अतिव्यायामाने, किडनीवरचा मारा तोच.

आपल्याकडे व्यायामाची मर्यादा फार पूर्वी सांगून ठेवली आहे. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’नुसार बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहून कमी. आखाड्यातले वस्तादही नव्या पोराचे जोर हळूहळूच वाढवत नेतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घामाने शरीरातले पाणी कमी झाले की किडनीचा धोका आणखी वाढतो. म्हणून हा सल्ला आपल्यासाठी आजही मोलाचा आहे.

निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होते. सीके हे एन्झाइम एरवी साधारण २०० युनिटच्या आत असते. या आजारात ते हजारोंमध्ये जाते. वेळेत सलाईन सुरू झाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

म्हणून व्यायामानंतर असह्य दुखणे, सूज किंवा हात न उचलणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा रंग नेहमीचा असला तरी थांबू नका. तो प्रत्येकात बदलतोच असे नाही. स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांतल्या अनेक किडनीवरच ताण आणतात.