बालकांवरील मानसिक आघात आणि सामुदायिक आरोग्यसेवा

बालकांवरील मानसिक आघात म्हणजे मुलाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या जवळच्या माणसाच्या जिवाला, शरीराला अथवा सुरक्षिततेला गंभीर धोका पोहोचवणाऱ्या घटनेचा त्याच्या मनावर होणारा परिणाम होय. भूकंप, पूर, दरड कोसळणे, अपघात, घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, आई किंवा वडिलांची आत्महत्या ही त्याची प्रमुख कारणे आहेत. ग्रामीण मराठीत यासाठी ‘मुलाने धसका घेतला’ असे म्हणतात. भीती ओसरली तरी तिचा परिणाम मागे राहतो, हे या शब्दप्रयोगात नेमके आले आहे.

आघात झालेली बहुतेक मुले घरच्या माणसांचा आधार आणि नेहमीचा दिनक्रम मिळाल्यास काही आठवड्यांत सावरतात. थोड्या मुलांना मात्र दीर्घकाळ त्रास होतो आणि त्यांना तज्ज्ञाच्या उपचारांची गरज असते. हा आधार टिकवणे आणि अशी मुले वेळीच ओळखणे ही या क्षेत्रातील सामुदायिक आरोग्यसेवेची दोन मुख्य कामे मानली जातात.

संकल्पनेचा इतिहास

लहान मुले घडलेले लवकर विसरतात, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही रूढ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे बॉम्बहल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या मुलांसाठी संगोपनगृहे चालवली. तेथील नोंदींवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासूनच्या ताटातुटीने मुले अधिक खचतात, हे त्यांचे निरीक्षण पुढील सर्व कामाला दिशा देणारे ठरले.

१५ जुलै १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चौचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे चालकासह अपहरण झाले. त्यांना एका खाणीत पुरलेल्या मालवाहू डब्यात कोंडण्यात आले होते. सर्वजण जिवंत सुटले. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांच्या वारंवार भेटी घेतल्या, तेव्हा चार-पाच वर्षांनंतरही प्रत्येकात आघाताच्या खुणा आढळल्या. प्रौढांमध्ये भूतकाळाची दृश्ये अचानक डोळ्यांपुढे येतात. ही मुले मात्र तोच प्रसंग खेळातून पुन्हा पुन्हा उभा करीत आणि त्या खेळात आनंद नसे, असे टेर यांनी नोंदवले.

आघातोत्तर तणाव विकृतीला (पीटीएसडी) १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत स्थान मिळाले. सहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी वेगळे निकष येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

मुलांमध्ये दिसणारी लक्षणे

पाच-सहा वर्षांखालील मूल आपले दुःख क्वचितच शब्दांत सांगते. सुटलेल्या सवयी परत येणे ही त्याची खूण असते. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोबडे बोलते, आईचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठते. शाळकरी वयात पोटदुखी व डोकेदुखीच्या तक्रारी वाढतात, अभ्यासातून लक्ष उडते आणि ‘मी हट्ट केला म्हणून असे झाले’ अशी अपराधी भावना घर करते. ही भावना मूल सहसा बोलून दाखवत नसल्याने ती मोठ्यांच्या लक्षात येत नाही. किशोरवयीन मुले एकलकोंडी होतात, चिडतात किंवा जीव धोक्यात घालणारे वर्तन करतात. गप्प बसणारे मूल शहाणे समजले जाते आणि त्रास देणारे मूल हट्टी. त्यामुळे दोघांचेही दुखणे दुर्लक्षित राहू शकते.

अनेक कुटुंबांत अशा वेळी दृष्ट काढली जाते किंवा अंगारा लावला जातो. आईच्या कुशीत बसवून केलेला निरुपद्रवी विधी मुलाला धीर देऊ शकतो. ‘बाधा’ उतरवण्यासाठी मारहाण, उपास किंवा चटके देणे हा मात्र नवा आघात ठरतो. कार्यकर्त्याने पहिल्या गोष्टीची खिल्ली न उडवता दुसरी थांबवावी, असा व्यवहार्य मार्ग सुचवला जातो.

किल्लारी आणि त्यानंतर

भारतातील आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यकार्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपाला महत्त्वाचे स्थान आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील दगड-मातीची जड घरे कोसळली. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांनी एकाच वेळी घर, आप्त, शेजार आणि शाळा गमावली होती. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने पुढील काही वर्षे चालला.

भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. गावात शाळाच उरली नसताना या मुलांचे शिक्षण त्यामुळे सुरू राहिले. मात्र मुलांना दूरच्या वसतिगृहात न्यावे की नातेवाइकांकडे गावातच ठेवून आधार द्यावा, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर पुन्हा उभा राहतो. हॅम्पस्टेडच्या नोंदींपासूनचा अनुभव दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. काका-मामाच्या घरी ठेवलेल्या मुलाची नंतर विचारपूस करणारे कोणीच नसेल, तर मात्र या तत्त्वाचा त्या मुलाला फारसा उपयोग होत नाही.

१९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा गुजरात भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या आपत्तींनंतर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने स्थानिक कार्यकर्त्यांना मनोसामाजिक मदतीचे प्रशिक्षण देण्याची पद्धत विकसित केली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

सामुदायिक पातळीवरील मदत

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रीय प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे ही तीन सूत्रे आहेत. मूल सुरक्षित आहे का, त्याला काय हवे आहे हे पाहावे. त्याला बोलायचे असल्यास ऐकावे. मग त्याला आईवडिलांशी, अन्न-निवाऱ्याशी किंवा उपचारांशी जोडून द्यावे. घटनेचे वर्णन करण्याचा आग्रह यात धरलेला नाही. एकाच बैठकीत सर्व अनुभव बोलून घेण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. अभ्यासांत तिचा लाभ न आढळल्याने जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करीत नाही. तरीही आपत्तीनंतर मुलांपुढे ‘तेव्हा तुला काय वाटले?’ असे विचारत ध्वनिमुद्रक धरणारे पाहुणे छावणीत येतच असतात, आणि त्यांना रोखणे हेही कार्यकर्त्याचे काम ठरते.

मृत्यूची बातमी मुलापासून लपवू नये, असा सल्ला दिला जातो. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितलेले मूल दारात वाट पाहत राहते आणि सत्य शेजाऱ्याकडून कळल्यावर घरच्यांवरील विश्वास गमावते. ‘झोपी गेले’ असे म्हटल्यास काही मुले स्वतः झोपायलाच घाबरतात. साध्या, खऱ्या शब्दांत आणि विश्वासातल्या माणसाने सांगावे, आणि मूल पुन्हा पुन्हा विचारील तेव्हा तेच उत्तर न चिडता द्यावे.

शाळा लवकर सुरू होणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक समजला जातो, मग ती तंबूत का भरेना. घंटा, हजेरी, खिचडी आणि ठरलेली सुटी यांतून दिवसाला पुन्हा आकार येतो. चित्रे, माती, गाणी व मैदानी खेळ यांचा वापर होतो. परंतु चित्रात उद्ध्वस्त घर काढायला लावू नये. मुलाने ते आपणहून काढल्यास अडवूही नये.

महाराष्ट्रात ही साखळी आशा सेविका व अंगणवाडी सेविकेपासून सुरू होते आणि उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालयामार्गे जिल्हा रुग्णालयापर्यंत जाते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. दूरध्वनीवर १०९८ ही बालकांसाठीची मदतसेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. १४४१६ या क्रमांकाची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यविषयक सल्ला देते.

तज्ज्ञांचे उपचार

लक्षणे महिन्याभरानंतरही कमी न होणे, खाणे-झोपणे वा शाळा बंद पडणे, स्वतःला इजा करणे किंवा मरण्याची भाषा करणे या स्थितींत मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे. शेवटच्या दोन स्थितींत महिनाभर थांबू नये. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार हा मुलांसाठी सर्वाधिक अभ्यासलेला उपचार आहे. त्यात शक्य तेथे पालकही सहभागी असतात. झोपेच्या व शामक गोळ्यांची सवय येथे धोकादायक ठरते. आघातानंतरच्या तीव्र तणावाच्या लक्षणांसाठी मुलांना बेंझोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत उपचारांना कायद्याची जोड असते. पॉक्सो अधिनियम, २०१२ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा, अशी तरतूद आहे. तोच प्रसंग अनेकांपुढे सांगावा लागण्याचा त्रास त्यामुळे कमी व्हावा, अशी अपेक्षा आहे.

अडचणी

बालमनोविकारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने जिल्हा रुग्णालयात पाठवलेले मूल पुढील भेटीला येतेच असे नाही. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी ही त्याची साधी कारणे आहेत. आशा सेविकेचा मोबदला बराचसा ठरवून दिलेल्या कामांशी निगडित असतो. धास्तावलेल्या मुलाच्या घरी केलेली चौथी-पाचवी फेरी त्या यादीत सहज बसत नाही. मोठ्या आपत्तीत तर सेविका आणि शिक्षक स्वतःच आपद्ग्रस्त असतात. अशा वेळी शेजारच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांना आळीपाळीने बोलावून स्थानिकांना काही दिवस रजा देणे आवश्यक ठरते. मात्र मुले ओळखीच्या चेहऱ्याशीच बोलतात, त्यामुळे एखादी स्थानिक व्यक्ती पथकासोबत ठेवावी लागते.