एल्फिन्स्टन

एल्फिन्स्टन : स्कॉटलंडमधील एक विरळ आडनाव, गावाच्या नावावरून पडलेले. मूळ गाव एडिंबरोच्या पूर्वेस, ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंटजवळ. तेराव्या शतकातील दस्तऐवजांत ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ असे उल्लेख येऊ लागतात. मराठीत त्याला सरळ ‘एल्फिन्स्टनकर’ म्हटले असते.

इंग्रजी लेखनात शेवटी ‘स्टोन’ दिसत असला तरी दगडाशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीतील ‘टून’ म्हणजे कुंपणाची वाडी. एल्फ्विन किंवा तशाच नावाच्या कुणाची तरी ही वाडी. मधला ‘स’ षष्ठीचा. जर्मनीतील हेल्फेनश्टाइन सरदारांशी नाते सांगणारी कथा वंशावळी सजवणाऱ्यांची. मुंबईकरांच्या तोंडचा ‘टन’ मुळाला अधिक धरून आहे.

पंधराव्या शतकात थोरल्या शाखेत मुलगीच उरली आणि मूळ गाव तिच्या सासरी, जॉन्स्टन घराण्यात गेले. आडनाव लावणारे पुरुष स्टर्लिंगशरमधील एअर्थ भागात स्थिरावले. मूळ गावातील गढी पुढे खाली कोळशाच्या खाणी असल्याने खचली व 1955 मध्ये पाडण्यात आली. ग्लासगोत जन्मलेले विल्यम एल्फिन्स्टन (1431–1514) अ‍ॅबर्डीनचे बिशप झाले. 1495 मध्ये तेथील विद्यापीठ त्यांनी स्थापले. एअर्थच्या शाखेला 1510 च्या सुमारास लॉर्ड हा किताब मिळाला. अ‍ॅबर्डीनशरमधील इनव्हरुरीजवळचे पोर्ट एल्फिन्स्टन हे एकेकाळचे कालव्याचे बंदरही याच नावाचे.

माणसे थोडी, पण सैन्य, आरमार आणि ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी यांमुळे नाव दूर पोहोचले. आरमारातील जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन यांनी 1795 मध्ये केप वसाहत घेण्यात भाग घेतला, तर 1842 मधील काबूलहून ब्रिटिश सैन्याच्या विनाशक माघारीचे सेनापतीही एल्फिन्स्टनच. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (1779–1859) पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट व 1819 ते 1827 मुंबईचे गव्हर्नर होते. ते अविवाहित राहिले. मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय त्यांच्या नावाचे. तेथील एल्फिन्स्टन रेल्वेस्थानकाचे नाव मात्र त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन (गव्हर्नर, 1853–60) यांच्यावरून पडले होते, हा भेद क्वचितच लक्षात घेतला जातो. 2018 मध्ये त्या स्थानकाचे प्रभादेवी असे नामांतर झाले.