चार्ल्स स्टुअर्टच्या देहदंडाचे आज्ञापत्र : ओळीगणिक भाष्य

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे आज्ञापत्र जेमतेम एका चर्मपत्राचे आहे. राजाला हात लावण्याची सोय ज्या कायद्यात नव्हती, त्याच कायद्याच्या साच्यात हा मजकूर ओतलेला आहे. ती ओढाताण जवळजवळ प्रत्येक ओळीत जाणवते.

«इंग्लंडचा राजा चार्ल्स स्टुअर्ट याची चौकशी व न्यायनिवाडा करणारे उच्च न्यायालय, २९ जानेवारी १६४८»

साल चुकलेले नाही. तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागे. अवघड प्रश्न न्यायालयाचा आहे. ६ डिसेंबर १६४८ला संसदेच्या सैन्यातील कर्नल प्राइडच्या सैनिकांनी हाउस ऑफ कॉमन्सचे दार अडवले आणि राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या शंभराहून अधिक सभासदांना बाहेर ठेवले. उरलेल्यांनी खटल्याचा ठराव केला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. मग ४ जानेवारीला कॉमन्सने जाहीर केले की ईश्वराखालोखाल सर्व न्याय्य सत्तेचे मूळ जनता आहे आणि आपण तिचे प्रतिनिधी असल्याने राजा व लॉर्ड्स यांच्या संमतीवाचूनही आपला ठराव हाच कायदा. हे तत्त्व मला थोर वाटते. ते उच्चारणारे सभागृह मात्र तलवारीने चाळलेले होते. नेमलेल्या १३५ न्यायाधीशांपैकी निम्मेच खटल्याला फिरकले, आणि खुद्द सरसेनापती फेअरफॅक्सने पहिल्या प्राथमिक बैठकीनंतर पाठ फिरवली.

«राजद्रोह व इतर घोर अपराधांबद्दल दोषी ठरला आहे»

१३५१च्या कायद्याप्रमाणे राजद्रोह राजाविरुद्ध होई. मग राजाने तो कोणाविरुद्ध केला? आरोपपत्राचे उत्तर असे की कायद्याने मर्यादित केलेली सत्ता त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेली होती, आणि त्याने संसद व प्रजा यांच्यावरच शस्त्र धरले. चार्ल्सने कैफियत दिलीच नाही. कोणत्या अधिकाराने मला इथे उभे केले, एवढेच तो विचारत राहिला. तेव्हाच्या रिवाजाने कैफियत न देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, म्हणून तो दोषी. कायद्याच्या अंगाने त्याचा प्रश्न बिनतोड होता, हे मान्य करावे लागते. पण कैदेत असतानाच त्याने डिसेंबर १६४७मध्ये स्कॉट लोकांशी गुप्त करार केला आणि त्यातून राजा व संसद यांच्यातले दुसरे यादवी युद्ध पेटले, हेही विसरता येत नाही. त्या रक्ताची जबाबदारी त्याच्यावर होती. सैन्य त्याला क्षमा करायला तयार नव्हते ते यामुळे.

«गेल्या शनिवारी शिक्षा सुनावली गेली; अंमल अद्याप बाकी आहे»

शनिवार म्हणजे २७ जानेवारी. चर्मपत्रावर काही ठिकाणी खरडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा आहेत. यावरून मजकूर आधीच तयार होता असे काही अभ्यासक मानतात.

«व्हाइटहॉलसमोर उघड्या रस्त्यावर, उद्या, सकाळी दहा ते सायंकाळी पाच यांदरम्यान»

राजे याआधीही मारले गेले होते, पण बंद दाराआड. इथे न्याय लोकांदेखत व्हायचा होता. बँक्वेटिंग हाउसमधून चार्ल्स वधमंचावर गेला. तिथल्या छतावर त्याच्या वडिलांचे स्वर्गारोहण रंगवलेले आहे; ती रुबेन्सची चित्रे चार्ल्सनेच बसवून घेतली होती. लोक जमले खरे, पण सैन्याच्या कड्यामुळे राजाचे अखेरचे शब्द मंचावरच्या मूठभरांनाच ऐकू गेले. कुऱ्हाड पडली ती दोनच्या सुमारास. बाप मरताच मुलगा राजा ठरतो, म्हणून नव्या राजाची द्वाही फिरवण्यास बंदी घालणारा कायदा त्या दिवशी घाईने करावा लागला.

«यासाठी हेच तुम्हांस पुरेसे अधिकारपत्र होय»

हे वचन कर्नल हॅकर, कर्नल हंक्स आणि लेफ्टनंट कर्नल फेअर यांना होते. हंक्सने जल्लादाला द्यायच्या हुकमावर सही करायला नकार दिला, आणि १६६०मध्ये राजेशाही परतल्यावर हॅकरविरुद्ध साक्ष दिली. हॅकर फासावर गेला. अधिकारपत्र त्याने जपून ठेवले होते. ते त्याला वाचवू शकले नाही.

«आमच्या सह्या व मोहरांनिशी»

एकोणसाठ सह्या. पहिली न्यायालयाचा अध्यक्ष ब्रॅडशॉ याची, तिसरी सेनानी क्रॉमवेलची. ग्रेगरी क्लेमेंटचे नाव पुढे खरडून काढले गेले, तरी १६६०मध्ये त्याचा जीव वाचला नाही. रिचर्ड इंगोल्ड्सबीने सांगितले की क्रॉमवेलने हात धरून आपल्याकडून सही करवून घेतली. चर्मपत्रावर ती स्पष्ट, सरळ आहे. त्याला माफी मिळाली. ब्रॅडशॉ, क्रॉमवेल आणि सही करणाऱ्यांपैकीच आयर्टन हे तोवर वारले होते. ३० जानेवारी १६६१ रोजी, चार्ल्सच्या वधाच्या तिथीला, त्यांची प्रेते उकरून टायबर्नच्या फासावर लटकवण्यात आली.