धारिष्ट

‘त्याला धारिष्ट लागतं’ असं आपण कौतुकाने म्हणतो. शब्दाची भावकी मात्र जरा उर्मट आहे. संस्कृत ‘धृष्’ म्हणजे धजणे. त्यातून ‘धृष्ट’, ‘धार्ष्ट्य’ आणि आपलं ‘धारिष्ट’. संस्कृत साहित्यशास्त्रातला धृष्ट नायक चक्क निर्लज्ज, हिंदीतला ‘ढीठ’ही कोडगाच. मराठीने त्याच ‘धृष्ट’चा ‘धीट’ करून त्याला माणसात आणलं, हे मला फार आवडतं.

याच कुळातला ग्रीक शब्द ‘थार्सोस’, म्हणजे धैर्य. नव्या करारात ‘थार्सेओ’ हे त्याचं क्रियापद येतं ते आज्ञार्थीच. पक्षाघाती माणूस, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई, वादळी रात्री नावेत किंचाळणारे शिष्य, या साऱ्यांना येशू याच शब्दाने धीर देतो.

सर्वांत रोखठोक प्रसंग नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’मधला. यरुशलेमेतल्या दंगलीनंतर येशूचा प्रेषित पौल रोमी गढीत अडकलेला. रात्री प्रभू जवळ उभा राहून म्हणतो, ‘थार्सेइ’, धीर धर. सुटकेबद्दल अवाक्षर नाही. रोमलाही साक्ष द्यायची आहे, एवढंच. उजाडताच 40हून अधिक जण पौलाला ठार केल्याशिवाय अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहतात. पौलाच्या भाच्याला कटाचा सुगावा लागतो. अभिवचन मिळालंय म्हणून पौल स्वस्थ बसत नाही. पोराला तडक सरदाराकडे धाडतो. त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालेकऱ्यांच्या पहाऱ्यात त्याची कैसरियाला रवानगी होते.