हुकमाचे ताबेदार : सोलापूर, मे १९३०

वरून हुकूम आला की साधा माणूस समोरच्या निःशस्त्र माणसावर बंदूक रोखतो का, याचा कस सोलापुरात मे १९३० मध्ये लागला. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे शहर होते. १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहरात हरताळ पडला.

८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडे तोडायला जमले. शिंदी म्हणजे ताडीचा धंदा आणि त्यावरचा सरकारी महसूल. त्यामुळे कुऱ्हाड झाडावर पडत असली तरी घाव सरकारच्या तिजोरीवर होता. पोलिसांनी काहींना पकडले, जमावाने वाट अडवली आणि कलेक्टर नाईट पोलीस घेऊन तेथे आले. गोळीबार झाला. तरुण शंकर शिवदारे हे पहिले बळी ठरले. मग जमावही खवळला. पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवले गेले, पोलीस मारले गेले. मल्लप्पा धनशेट्टी यांनी संतापलेल्या लोकांना आवरून कलेक्टरचा जीव वाचवला, असे सोलापुरात आजही सांगतात.

त्या दिवशी हुकूम देणारे वरचे अधिकारी इंग्रज होते, पण जिल्ह्याच्या पोलीस दलातले बहुसंख्य शिपाई हिंदी होते. ज्यांच्यावर बंदुका रोखायच्या, ते त्यांच्याच मुलखातले लोक होते. तरी दल फुटले नाही. याला निव्वळ भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. त्या शिपायाचा पगार, घरदार आणि अब्रू त्या अंगावरच्या गणवेशाला बांधलेली होती, आणि कायद्याने त्याच्यापुरता प्रश्न आधीच मिटवून ठेवला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ७६ खालचे पहिलेच उदाहरण असे : कायद्याच्या आज्ञेनुसार वरिष्ठाने दिलेल्या हुकमावरून शिपायाने जमावावर गोळी झाडली, तर तो गुन्हा नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३२ नेही, जो हुकूम पाळणे बंधनकारक आहे तो पाळणाऱ्या कनिष्ठाला निर्दोष ठरवले होते. हुकूम कायदेशीर होता की नव्हता, हे पुढे कोर्टाने सवडीने ठरवायचे. चौकात उभ्या शिपायाला मात्र ते क्षणात ठरवावे लागे.

त्याच वर्षी हुकूम मोडणारेही निघाले. एप्रिलमध्ये पेशावरात रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. हवालदार चंद्रसिंग गढवाली त्यांच्या पुढे होते. हिंदू शिपाई मुसलमान जमावावर सहज गोळी झाडतील, हा साहेबांचा हिशेब चुकला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, त्यांच्या साथीदारांनाही तुरुंग भोगावा लागला. विशेष म्हणजे गांधीजींनी या नकाराचे समर्थन केले नाही. शपथ घेतलेल्या शिपायाने हुकूम मोडणे त्यांना मान्य नव्हते. उद्या स्वराज्यातही शिपाई लागतील, हे ते जाणून होते. हे मत आजही पचायला जड जाते. शपथ मोलाची खरी, पण पेशावरात ती मोडली म्हणूनच काही घरची माणसे संध्याकाळी घरी परतली असतील.

पेशावरात एकट्यादुकट्याने नव्हे, तर बरोबरीच्या जवानांनी मिळून नकार दिला, ही बाब महत्त्वाची आहे. १९६१ पासून अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनले मिलग्रॅम यांनी केलेले प्रयोग हेच दाखवतात. प्रयोग चालवणाऱ्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ जणांनी समोरच्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के दिले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. बटण दुसऱ्याने दाबायचे आणि आपण फक्त हाताशी राहायचे, अशी मांडणी केली तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत गेले. शेजारच्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा मात्र ४० पैकी चौघेच टिकले.

सोलापुरात पुढे जे घडले ते त्या ३७ जणांची आठवण करून देणारे आहे. काही दिवस शहरात सरकार नावालाही उरले नव्हते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. रस्त्यावर गांधी टोपी दिसली की शिपाई ती उतरवायला लावत. डोक्यावरचे दोन वितींचे कापड हा अपराध ठरला होता. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. ज्या धनशेट्टींनी जमाव आवरल्याचे शहर सांगते, तेही त्यांत होते. साक्ष नोंदवणारा, निकालाची नक्कल करणारा, वॉरंट पोहोचवणारा, दोर ओढणारा, प्रत्येकाने आपापले काम केले. मारल्याचा भार कोणा एकावर आला नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली.

सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत, आणि पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्याच स्मरणार्थ धावते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाचे ते उदाहरण आता तिच्या कलम १४ खाली आहे.