बोकडाची संमती

नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंग गडावरचा दसऱ्याचा बोकडबळी बंद पडला तो दयेपोटी नव्हे, बंदुकीपायी. बळीच्या वेळी सलामी म्हणून हवेत बार काढायची रीत होती. २०१६ च्या दसऱ्याला तो बार चुकला आणि जमलेले भाविक छऱ्यांनी जखमी झाले. पुढच्या वर्षी प्रशासनाने थेट बळीवरच बंदी घातली. बोकडाचा त्यात ना दोष होता ना हात, पण पाच वर्षं त्याला जीवदान मिळालं. मग एक आदिवासी संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २०२२ च्या दसऱ्याला अटींसह बळी पुन्हा सुरू झाला. त्याच नवरात्रात देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर उतरवल्यानंतरचं मूळ रूप लोकांना पहिल्यांदा दिसलं होतं. एकाच पंधरवड्यात गडावर एक गोष्ट नवी झाली आणि एक पुन्हा जुनी.

या वादात एका बाजूने ‘अंधश्रद्धा’ आणि दुसऱ्या बाजूने ‘आमची रीत’ हे दोनच शब्द घुमत राहिले. दोघांच्याही बोलण्यात बोकड नव्हता. खरं तर जुन्या रीतीत त्याला विचारायची सोय आहे. नवसाचा बोकड महाराष्ट्रात कुठेही पाहा. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, दावं एकाच्या हातात. दुसरा तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओततो आणि सगळे गप्प उभे राहतात. बोकडाने अंग झाडलं की देवाने मान घेतला, असं समजायचं. नाही झाडलं तर आणखी पाणी, मग कानात पाणी. गार पाणी पडल्यावर जनावर अंग झाडणार नाही तर काय करणार! प्राचीन ग्रीक लोकही बळीच्या पशूवर पाणी शिंपडत आणि त्याने मान हलवली की होकार धरत. पशूने मान हलवेपर्यंत त्याला मारू नये याची काळजी घेतली जाते, अशी नोंद प्लुटार्कने केली आहे. हा प्रकार मला निव्वळ ढोंग वाटत नाही. मारण्याआधी विचारायला हवं, एवढं तरी त्यात कबूल केलेलं आहे. उत्तर मात्र आधीच ठरवून टाकलेलं आहे. शहरातल्या दुकानात किलोवर मटण घेताना तेवढाही प्रश्न आपल्याला पडत नाही.

संमतीचा हा घोळ टाळायचा म्हणून दुसरी वाट निघाली ती बदलीची. जिवाच्या जागी पिठाचा पशू, नाहीतर कोहळा. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात पिष्टपशूचा पुरस्कार केला. कोल्हापूरला ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोल्हासुराच्या नावाने कोहळा फोडतात. त्याची फोड मिळावी म्हणून जी झुंबड उडते ती पाहिली की कोहळ्यातही लोकांना काहीतरी जिवंत दिसत असणार, असं वाटतं.

पण या बदलीवर सगळ्यात कडक हरकत जैनांनी फार आधीच घेऊन ठेवली आहे. दहाव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या अमलात सोमदेवसूरीने ‘यशस्तिलक’ लिहिलं, त्यातली यशोधर राजाची कथा हीच ती हरकत. आई म्हणते पशुबळी दे, मुलाला हिंसा नको. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापतात. रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी मायलेकांना जन्मोजन्म पशुयोनीत हाल सोसावे लागतात. कापताना मनात मारणंच होतं, म्हणून. कोहळ्यावर समाधान मानणाऱ्या सुधारकांना ही कथा अजून अडचणीचीच आहे.

आता शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, जी गडाच्या परिसरात फारशी कुणी सांगत नाही. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत एका देवीचा संचार सुरू झाला. तो वारा जंगलपट्टीतून घाट चढून सुरगाण्याकडे, नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात, डांगात आणि पुढे दक्षिण गुजरातेत पसरला. अंगात आलेल्यांच्या तोंडून देवी हुकूम देई : दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज अंघोळ करा. कोंबड्या-बकऱ्या घरात ठेवू नका, असंही सांगणं असे. दक्षिण गुजरातेत त्यात दारूच्या पारशी गुत्तेदारांवर आणि जमीनदारांवर बहिष्कारही आला. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात ही चळवळ उलगडली आहे. पुढे तिथे लोकांत फूट पडली. सोडलेलं पाळणारे ते वरजेला, पुन्हा खाऊ-पिऊ लागलेले ते सरजेला.

म्हणजे आदिवासीला मांस सोडायला कुणा शहरी माणसाने शिकवावं लागतं, हा समज खोटा आहे. त्याने ते स्वतः, आपल्याच देवीच्या शब्दाखातर सोडलं होतं, आणि पुन्हा धरलं तेही स्वतःच. मात्र १९२२ च्या त्या हुकमात कोंबडीच्या वेदनेचा विचार कुठे ठळक दिसत नाही. हेतू होता माणसाचा : कर्जातून सुटावं, सावकारासमोर ताठ उभं राहावं, उच्चवर्णीयांनी हलकं लेखू नये. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेतही शुद्धतेचा हिशेब आहेच. प्राणी वाचतो, पण माणसाच्या उद्धाराचं उपफळ म्हणून. संत गाडगेबाबांनी जत्रांमधल्या पशुहत्येविरुद्ध झोड उठवली तेव्हा कुठे मुक्या जिवाची बाजू मराठी मुलखाने गावरान भाषेत, मोठ्या आवाजात ऐकली. तरी बाबांच्या कीर्तनातही बोकडाबरोबर कर्ज काढून नवस फेडणारा गरीब होताच.

कायद्याने या गोंधळात हात घातला तो अर्धाच. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. पण त्याच्या कलम २८ ने, धर्माला आवश्यक अशा पद्धतीने केलेली हत्या गुन्ह्यातून वगळली. गुजरातने १९७२ मध्ये देवळांतल्या पशुबळीवर स्वतंत्र बंदी आणली, महाराष्ट्रात तसा कायदा नाही. गडाजवळच्या वणीहून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागून गुजरातची हद्द ओलांडली की तोच बोकड वेगळ्या कायद्याखाली येतो.

राहिलं दूध. पिठाचा पशू करणाऱ्याने, कोहळा फोडणाऱ्याने, माळ घालणाऱ्याने त्याकडे कधी पाहिलं नाही. बळी बंद करा म्हणणारा माणूस गडावर पंचामृताच्या पूजेची पावती फाडतो आणि त्यातल्या दूध-दही-तुपाविषयी त्याच्या मनात काही येत नाही. इंग्लंडात १९४४ मध्ये वीगन सोसायटी स्थापन झाली ती नेमक्या याच प्रश्नावर : दुधासाठी पाळलेल्या जनावराच्या नर पिलाचं काय होतं? आपल्याकडे म्हशीचं रेडकू दुधाअभावी खुंट्यालाच झुरतं. शेळीचा बोकड तर दसऱ्याआधीच बाजारात पोचतो, मग तो गडावर जावो की खाटकाकडे. बळीचा बोकड आणि चहातलं दूध एकाच गोठ्यातून येतात, हे मान्य केलं तर ‘शाकाहारी म्हणजे अहिंसक’ हे समीकरण ढासळतं. ते ढासळू नये म्हणूनच आपण वीगन पोरांची टिंगल करतो, असा माझा संशय आहे.

या प्रश्नाशी आपल्यातला एकच मोठा माणूस जाहीरपणे झगडला. कलकत्त्याचे गवळी गायी-म्हशींवर फुक्याचा, म्हणजे योनीत हवा फुंकण्याचा, अघोरी प्रयोग करून दूध काढतात हे कळल्यावर गांधींनी दूध सोडलं. आजारपणात जीव जायची वेळ आली तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. शब्द पाळला पण व्रताचा प्राण गेला, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आणि शेळीचं दूध पुढे जन्मभर सुटलं नाही.